नमुन्याचं बाक

जगात कशाकशाची मोजदाद करणारी ऑफिसं असतात. तिचं ऑफिस चोरीची शक्यता मोजायचं. चोरी नव्हे, शक्यता. चोरी पकडायला पोलीस होते, आणि ते पकडत नसत ही गोष्ट वेगळी. सरकारी खरेदीची जी जी टेंडरं निघत, मग ती शाळेच्या बाकांची असोत, दवाखान्यातल्या खाटांची असोत की रस्त्यावरच्या दिव्यांची, त्यांचे आकडे या ऑफिसात येत आणि प्रत्येक टेंडरला शून्यापासून शंभरापर्यंत गुण मिळत. जाहिरात कुणाला दिसायच्या आतच मुदत संपली? गुण वाढले. एकट्यानंच टेंडर भरलं आणि एकट्यानंच जिंकलं? आणखी वाढले. शाळेच्या अगदी उलटा कारभार. इथे ज्याला जास्त गुण, त्यानं तोंड लपवायचं.

ती तिथे आकडे निवडायचं काम करायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला चाळणी म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. खडे वेचण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

एका सोमवारी मोठ्या बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे ऑफिसच्या प्रमुख. बोलताना चष्मा कपाळावर चढवायची त्यांची सवय होती, आणि तो चढला की आता नवं काम येणार हे सगळे ओळखून असत.

"तीन जणांनी टेंडर भरलं की आपण म्हणतो, वा, काय छान स्पर्धा झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण त्या तिघांतले दोघे नुसते आणून बसवलेले असले तर? आजवर आपण जिंकणाऱ्यांकडे बघत आलो. आता हरणाऱ्यांकडे बघू. एखादा माणूस वर्षानुवर्षं टेंडर भरतोय आणि एकदाही जिंकत नाही. मग तो येतो कशाला? त्याला कुणीतरी हरायलाच आणलेलं असतं."

"असं सरसकट नाही म्हणता येणार, मॅडम."

तिचा आवाज तिला हवा होता त्याहून मोठा आला. सगळ्या माना वळल्या. आता बोललोच आहोत तर पुरतं बोलून टाकू, असं ठरवून ती पुढे म्हणाली, "माझ्या बाबांनी मी लहान असल्यापासून टेंडरं भरली. एकही लागलं नाही. तरी भरत राहिले. माणूस आशेवर भरतो."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला एरवी प्रत्येक गोष्टीत विनोद सुचायचा, तो स्वतःची नखं बघायला लागला. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत.

"मग आशेवर भरणारा आणि हरायला भरणारा, या दोघांना वेगळं करून दाखव," त्या म्हणाल्या. "काहीतरी कसोटी शोध. तुझ्या बाबांसारख्या माणसावर आपल्याकडून अन्याय व्हायला नको."

शेवटचं वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. त्या दिवशी ती बसस्टॉपपर्यंत जवळजवळ नाचतच गेली म्हणायला हरकत नाही.

तिचे बाबा सुतार. गावाबाहेर, लाकडाच्या वखारींच्या ओळीत त्यांचा छोटासा कारखाना होता. करवतींमुळे मुलीला तिथे यायची बंदी होती आणि भुशानं आईला खोकला यायचा, म्हणून तीही तिकडे फिरकायची नाही. तिथे लोकांची दारं-खिडक्या होतात आणि घर त्यावर चालतं, असं दोघी समजून होत्या. पण फर्म आईच्या नावावर होती. बाबा म्हणायचे, तुझा हातगुण चांगला आहे, तूच सही कर. मग आई हात कोरडे करून, जीभ जराशी दातांत धरून, सावकाश सही करायची. पाकीट बंद झालं की ते दोन्ही हातांत धरून बाबांना द्यायची.

टेंडर उघडायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. बाबा बाहेर पडले की आई दिवसभर उगीच इकडचं तिकडे करत राहायची आणि ते परत येईपर्यंत जेवायची नाही. संध्याकाळी बाबा यायचे, पायरीवर बसायचे. चेहऱ्याकडे बघितलं की विचारायची गरजच नसायची. ती पुढे होऊन त्यांचे बूट काढायची. ते तिचं काम. आणि आई आतून म्हणायची, "असू दे हो. पुढच्या वेळी लागेल." मग तिघं जेवायला बसत.

आईनं हे वाक्य शेवटपर्यंत सोडलं नाही. दवाखान्यात, नाकात नळी असताना, बाबांचा हात धरून ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी लागेल. बघाल तुम्ही." तिला काय लागायचं होतं तेव्हा, कोण जाणे. बाबा उठून बाहेर गेले होते.

टेंडर दर वेळी जिंकायचा तो शेठ. त्याच्याकडे म्हणे मोठ्या ओळखी. तिच्या शाळेत बाकं आली तीही शेठचीच, कडेला लाल रंगात त्याचं नाव रंगवलेलं. खालचे वर्ग फरशीवर बसायचे, कारण बाकं पुरायची नाहीत. ती वरच्या वर्गात गेली तेव्हा तिला बाक मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं, या बाकाला पाठ टेकायची नाही. शेठच्या बाकाला? बाबांचं काम हिसकावून घेणाऱ्याच्या? मरायची, पण टेकायची नाही. आणि शाळा सुटेपर्यंत, सगळी वर्षं, तिनं खरोखर पाठ टेकली नाही. वर्गाच्या बाईंना वाटायचं पोरीला बसायचं वळण चांगलं आहे. त्या सगळ्या वर्गाला तिच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, बघा, कशी ताठ बसते ते.

घरी मात्र तिचं एक बाक होतं. टेंडरसोबत प्रत्येकानं नमुन्याचं एक बाक द्यायचं असायचं, आणि टेंडर हरलं की बाबांचा नमुना घरी परत यायचा. त्यातला एक खिडकीखाली कायमचा राहिला. त्यावर रेलून ती अभ्यास करायची, रेलूनच झोपायची. जेवताना ती बाबांना रोजचा अहवाल द्यायची, "शाळेतलं बाक टोचतं, बाबा. मी टेकतच नाही. आपलं नाही टोचत." आई हसून म्हणायची, "लेकराला कळतं, सरकारला कळत नाही." बाबा मान खाली घालून जेवत राहायचे.

तर कसोटी. ती तिनं आठवडाभरात शोधली, आणि शोधली ती बाबांना डोळ्यांसमोर ठेवूनच. खरोखर आशेवर आलेला माणूस हरला की काय करतो? पुढच्या वेळी दर उतरवतो. स्वतःच्या नफ्याला कात्री लावतो. कधी चिडून भलतंच काही भरतो. शेवटी दमतो आणि यायचा बंद होतो. हरायला आलेल्याला यातलं काही करायची गरज नसते. तिनं जुने आकडे त्या कसोटीला लावून पाहिले, आणि माणसं खरंच दोन बाजूंना वेगळी झाली. आशेवाल्यांचे दर हळूहळू उतरत जात होते. ते बघताना तिला भरून आलं. एवढी सगळी माणसं, आणि त्या सगळ्यांच्या घरी कुणीतरी न जेवता बसलं असणार.

मग मोठ्या बाईंना दाखवायला एक ठळक उदाहरण हवं म्हणून तिनं आईच्या नावाची फर्म काढली. अगदी हौसेनं काढली. हा कागद थेट बाईंच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, हे बघा, हे माझे बाबा.

पडद्यावर दोन रेषा आल्या. खालची शेठची, वरची आईच्या फर्मची. वरची रेषा उतरत नव्हती. शेठचा दर चढला की ती चढत होती, शेठचा खाली आला की तेवढीच खाली येत होती, आणि दोघींमधलं अंतर वर्षानुवर्षं तेच. पाकिटं तर बंद असायची. शेठनं आत काय लिहिलंय ते टेंडर उघडेपर्यंत कुणाला कळायची सोय नव्हती. आईच्या फर्मला मात्र ते प्रत्येक वेळी आधीच ठाऊक होतं.

तिनं आकडे पुन्हा चाळले. काहीतरी चुकलं असेल, एखादा रकाना सरकला असेल, दुसऱ्या कुणाचे दर इथे आले असतील. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची चूक सापडावीशी वाटत होती. ती सापडली नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीखालच्या त्याच बाकावर बसून विळ्याची मूठ पॉलिशच्या कागदानं घासत होते. आई गेली तसा त्यांनी कारखाना बंद केला होता, पण हाताला चाळा लागायचाच. तिनं कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग फळीची सरळ रेघ तपासावी तसा वरच्या रेषेवरून अंगठा फिरवला.

"वरची आपली," ते म्हणाले.

ते विचारत नव्हते. तोवर कुठेतरी तिला आशा होती.

"शेठचा दर तुम्हाला आधी कळायचा?"

"शेठच सांगायचा. तू एवढा भर म्हणायचा, मी भरायचो."

"कधीपासून, बाबा?"

"पहिल्या काही वेळा मी खरंच हरलो, पोरी. देवाशप्पथ. दर पाडून पाडून तोटा अंगावर घेतला तरी हरलो. कारागिरांना घरी पाठवायची वेळ आली. मग एक दिवस शेठ कारखान्यात आला. त्याच्याकडे साधी करवत नव्हती, माहितीये? सगळा कारभार कागदावर. म्हणाला, टेंडर माझं, काम तुझं. तू फक्त दर वेळी येऊन हरत जा. कागदावर स्पर्धा दिसायला तीन माणसं लागतात."

"कसलं काम?"

बाबांनी मूठ खाली ठेवली. त्यांचा हात बाकाच्या पाठीच्या फळीवरून सावकाश फिरला.

"बाकं," ते म्हणाले.

"कुठली बाकं?"

"सगळीच. तुझ्या शाळेतलीही."

ती उभीच राहिली. डोक्यात एकदम सगळी शाळा आली. लाल अक्षरं, ताठ पाठ, बाईंचं कौतुक, संध्याकाळचा अहवाल.

"टेकायचं होतंस गं," बाबा म्हणाले. "वरची कड मी गोल करून घेतली होती. शेठ ओरडायचा, कशाला वेळ घालवतोस म्हणून. पण तू त्या वर्गात जाणार हे मला ठाऊक होतं. सगळ्या बाकांची कड गोल केली, म्हटलं कुठलंही तुझ्या वाट्याला आलं तरी टोचायला नको."

"मी रोज तुम्हाला सांगायचे, टोचतं म्हणून! रोज! एकदा तरी सांगायचंत."

"काय सांगणार? तुझी आई तिथेच वाढत असायची."

आता तिचा संताप उसळला. "आई जेवायची नाही तुम्ही येईपर्यंत. आणि तुम्ही चेहरा पाडून यायचात. केवढं नाटक, बाबा!"

"नाटक नव्हतं गं." बाबांचा आवाज अगदी लहान झाला. "चेहरा पाडावा लागायचा नाही. सही तिची असायची. त्या पाकिटात मी काय घातलंय ते मला ठाऊक, आणि ती ते असं दोन हातांनी द्यायची. बाहेर पडतानाच पडायचा चेहरा."

"आणि खालचे वर्ग फरशीवर बसायचे. बाकं का पुरायची नाहीत, माहितीये? तुमच्या शेठचा दर एवढा चढा असायचा की आलेल्या पैशात निम्मीच यायची. मी बसलेय त्या फरशीवर. थंडीत."

"मला वाटायचं, सरकारलाच पुरत नसेल," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "नाही. आता खोटं कशाला बोलू. माहीत होतं मला."

बाहेर अंधारून येत होतं. कुणीच दिवा लावायला उठलं नाही. बाबांनी विचारलं, "नाव जाणार का वर?"

"फर्मचं जाईल."

"म्हणजे तिचं."

"हो."

"माझं घाल. तिचं नको. तिला यातलं काही, काहीसुद्धा ठाऊक नव्हतं."

"तुमचं नाव कुठेच नाही, बाबा," ती म्हणाली. "सगळीकडे तीच आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिला एक पळवाट दिसली. शोधायलाही लागली नाही, समोरच होती. अशा कामात कुठून कुठपर्यंतची वर्षं धरायची हे कुणीतरी ठरवावंच लागतं. फक्त अलीकडची पाच वर्षं धरली की आईची फर्म आपोआप गळत होती. ती त्याआधीच बंद झाली होती. कुणी विचारलंही नसतं. अलीकडचं बघितलेलं बरं, असं म्हणायला कारणंही पुष्कळ होती. तिनं तसं करून पाहिलं. आई गळाली, आणि तिच्याबरोबर शेठही निसटला. हल्ली तो हरायला दर वेळी नवी माणसं आणत होता. ती एकदाच हरून जात, म्हणून कसोटीत अडकत नसत, आणि वर्षानुवर्षं त्याच्या दराला चिकटून हरलेली फर्म आईची एकटीच होती. ती काढली की शेठ धुतल्या तांदळासारखा. तीन तीन स्पर्धक, गुण अगदी कमी, वा.

तिनं सगळी वर्षं परत घेतली आणि उठून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर नाही गेला. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"हे काम मी दुसऱ्या कुणाकडे देते," त्या म्हणाल्या. "तू यातून बाजूला हो. घरी जा."

"द्या, मॅडम. द्यायलाच हवं. फक्त पाच वर्षं नका घेऊ. सगळी घ्या."

"आईचं नाव बाहेर जाईल तुझ्या."

"जाईल."

"आशेवर भरणारे सापडले?"

"सापडले. बरेच आहेत. त्यांचे दर उतरत जातात, मग एक दिवस ते यायचे बंद होतात." "बाबा त्यांच्यात नव्हते."

जाताना ती दारात थांबली. "मालकिणीला माहिती नव्हती, असं कुठे लिहिता येईल का?"

मोठ्या बाईंनी समोरचा फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. त्या मनानं वाईट नव्हत्या. "त्याला रकाना नाही गं," त्या म्हणाल्या.

काम शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुपारी यादी तयार झाली, आणि सर्वांत जास्त वेळा भरून एकदाही न जिंकलेली फर्म सर्वांत वर आली. तो खुर्ची वळवून मोठ्यानं हसला. "चाळणी, हे बघ! ही बाई कोण बरं? हरण्यात पहिली आलीय!"

तिनं वळून पाहिलं. पडद्यावर आईचं नाव होतं, संपूर्ण, आई सही करायची तसं. पुढे भरलेल्या टेंडरांचा आकडा आणि त्यापुढे शून्य.

"हो," ती म्हणाली. "पहिली आली." आणि पाणी प्यायला उठून गेली. तिथे ती बराच वेळ नळाशी उभी राहिली आणि मनसोक्त रडली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ चालू ठेवून.

घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. खुंटीला बाबांचा जुना पांढरा शर्ट टांगलेला, इस्त्री केलेला. हात थरथरतात म्हणून बाहीवर एक दुमड राहून गेली होती. पायरीवर बूट, पॉलिश केलेले.

"बोलावतील ना मला?" बाबा खिडकीखालून म्हणाले. "तिला तर आता बोलावू शकत नाहीत. मी जाईन. कुणी दर सांगितला, कुणी काम दिलं, सगळं सांगेन. शेठ अजून धट्टाकट्टा आहे." मग त्यांनी विचारलं, "गेली यादी?"

"गेली."

"वरती आहे की खाली कुठेतरी?"

"वरती."

बाबांनी मान हलवली. टेबलावर दोन ताटं झाकून ठेवली होती.

"जेवला नाहीत?" तिनं विचारलं.

"तू यायची होतीस."

तिला पुढचं ठाऊक होतं. या घरात अशा संध्याकाळी कुणीतरी म्हणायचं, असू दे, पुढच्या वेळी लागेल. दोघांनीही ते आतल्या आत ऐकलं. म्हणायला कुणी नव्हतं आणि पुढची वेळही नव्हती.

बाबा बाकावर जरा सरकले. ती जाऊन त्यांच्याशेजारी बसली. हे तिचं बाक. याच्यावर ती लहानपणी तासन्‌तास रेलली होती. आज तिची पाठ मागे जाईना. वर्गात बसायची तशी ती बसून राहिली, ताठ, हात मांडीवर.

बाबांनी ते पाहिलं. पाठीची फळी त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपली, कुठे सांधा सुटलाय का, कुठे कुसळ निघालंय का ते बघावं तशी. मग त्यांनी विचारलं, "टोचतं का गं?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "टोचतं."

पण ती उठली नाही.